बाकावरची मधली जागा

त्या संध्याकाळी आई सांडोर गावातल्या आमच्या घराच्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. नेहमीसारखीच बाकाच्या अगदी कडेला टेकून, कारण मधली जागा तिच्या राखणदार देवदूताची.

"पडशील, आई," मी म्हणाले. "बायबलमधले दूत निरोप सांगतात आणि जातात. बसून राहत नाहीत."

"तुझा नसेल बसत. तुझ्यासारखाच घाईचा तो," आई हसली. "त्या गरीब लाझरसाला मेल्यावर दूतांनीच उचलून नेलं ना? मलाही हाच नेणार. मग त्याला बसायला जागा नको द्यायला, बाय?"

दुसऱ्या दिवशी तिला हॉस्पिटलात न्यावं लागलं. शेवटी तिचा हात धरून मी शांतपणे म्हणाले, "जा तू. आमची काळजी करू नकोस."

ती गेल्यावर सातव्या दिवसाची चर्चमधली मिस्सा झाली, पाहुणे गेले. ओटीवर अजून ऊन होतं. बाकावरची गादी मधोमध दबलेली दिसली. मी ती झटकून सारखी केली आणि समोरच्या खुर्चीत बसले.

गादी पुन्हा हळूहळू खाली गेली, कुणी जपून बसावं तशी. आईची कड सपाटच राहिली.

बायबलमध्ये दूत समोर आला की आधी 'भिऊ नको' म्हणतो. मी वाट पाहिली. कुणीच काही बोललं नाही.

तो अजून इथेच होता. मग आईला नेलं कुणी?

"आई," मी मोठ्याने म्हणाले, "जाऊ नकोस."