विहीरवाडीचा थांबा

दर चार मिनिटांनी बस यायची, तरी दिगंबर केळुसकर रोज सकाळी विहीरवाडीला एकदाच चढायचे आणि पुढच्याच थांब्यावर उतरून जायचे. उपनगरातले थांबे आता बसच ठरवायची. जिथे माणसं दिसतील तिथे थांबा राहायचा, नाहीतर रातोरात पुसला जायचा.

विहीरवाडीला दुसरं कुणी फिरकत नसे. पण विसरभोळ्या झालेल्या कुमुदिनीच्या, त्यांच्या बायकोच्या, डोक्यात घराचं म्हणून तेवढंच एक नाव उरलं होतं. गेल्या वर्षी ती एकटीच बसमध्ये बसून गेली, ती आलीच नाही. थांबा राहिला, तर कधीतरी नाव ऐकून उतरेल. म्हणून ते चढायचे आणि परत पायीच यायचे, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिला शोधत.

आज ते चढले आणि बसचा मऊ आवाज आला, "आजोबा, आजपासून परतीची बस विहीरवाडीला थांबणार नाही."

"अहो, पण मी रोज चढतो की इथून!"

"म्हणून तर जाणारी बस थांबते," आवाज समजुतीने म्हणाला. "पण वर्षभरात इथे कुणी उतरलंच नाही. इथून माणसं नुसती जातात, आजोबा. परत कुणी येत नाही."