पहिला पाहुणा

लाँचमधून सर्वांत आधी आपण उतरलो, याचा चौबळांना धक्क्यावरच पस्तावा झाला. लेणी पाहावीत, बेटावरची जत्रा पाहावी, एवढ्याच बेताने नवराबायको आले होते. तर कोळणींनी चौबळांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, ताशा कडाडला आणि एका म्हातारीने हात धरून त्यांना थेट आपल्या घरी नेलं.

"बोकडालासुद्धा आधी हारच घालतात," ते बायकोच्या कानाशी पुटपुटले.

म्हातारीने उंबऱ्याशी त्यांचे पाय धुतले, पाटावर बसवलं, भाताशेजारी पापलेटचा मधला तुकडा वाढला. चौबळांचा संशय आणखी बळावला. ताटाच्या काठावर 'हरेश' असं नाव कोरलेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या ताटात आपल्याला का वाढलंय?

"या सगळ्याच्या बदल्यात मला काय करावं लागेल?" त्यांनी सरळच विचारलं.

"आधी जेव. मंग सांगीन."

झालं! मनात पाल चुकचुकलीच. चार घास कसेबसे गिळून त्यांनी हात धुतले.

"यंदा ज्या घरचा मानूस दर्यानं नेला, त्या घरी जत्रेचा पयला पाहुना जेवतो," म्हातारी म्हणाली. "दुसरं काय नको, बाला. निंगताना फकस्त 'येतो आये' म्हन. माजा हरेश न सांगताच गेला."

चौबळ दारापर्यंत गेले. मग मागे वळून ते पुन्हा पाटावर बसले.

"आये, अजून थोडा भात वाढ."