डोळा वर

बायको गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, तेव्हा तिने लावणीसाठी कापलेल्या संकरित गवताच्या कांड्या अंगणात बादलीत भिजत होत्या. गाय काही कुणाचा दुखवटा पाळत नाही, म्हणून चौथ्या दिवशी त्याने त्या एकट्याने लावल्या. महिना झाला तरी कोंब काही दिसेना. मेहुणीने येऊन एक कांडी उपटली आणि तिला हसू आवरेना.

“भाऊजी, सगळ्या उलट्या खोचल्यात. डोळा वर हवा, कोंब तिथूनच फुटतो.”

“मला शिकवू नकोस. वीस वर्षं अशाच लावतोय. एकही वाया गेली नाही.”

“कशी जाईल? तुम्ही चहाला आत गेलात की ताई येऊन सरळ करायची.”

“मग मला बोलली का नाही कधी?”

“बोलली असती, तर ‘मग तूच लाव’ म्हणून तुम्ही मोकळे झाला असता.”

दुसऱ्या दिवशी त्याने जुन्या ठोंबांवरून नव्या कांड्या कापल्या आणि प्रत्येकीचा डोळा बघून लावल्या. शेवटची ओळ तेवढी मुद्दाम उलटी लावली आणि तो चहाला आत गेला.

ती ओळ अजून सरळ करायची राहिली आहे.