उन्हाळ्यात वाचायची पुस्तकं

"आता हे काय? मोटारीच्या इंजिनाचं पुस्तक?" नवऱ्याचं पेन थांबलं. "अगं, तुला साधं ब्रेक कुठला आणि क्लच कुठला ते कळत नाही!"

"लिहा हो तुम्ही," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती. डोळ्यांत नुकतेच थेंब घातले होते. डॉक्टरांनी काल स्पष्टच सांगितलं होतं, की इलाज नाही. हा उन्हाळा निघेल. त्यानंतर उजेड आणि अंधार, एवढंच काय ते कळेल.

आणि बाई कोण, तर छापखान्यात मुद्रितं तपासणारी. दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढायच्या आणि घरी येऊन पुन्हा पुस्तकच उघडायचं. इतिहास म्हणू नका, रहस्यकथा म्हणू नका, आकाशातले तारे म्हणू नका, हाताला लागेल त्याचा फडशा. भाजी करपली तरी चालेल, पान अर्ध्यावर सुटायचं नाही. नवरा चिडवायचा, "आमच्या घरात मलाच सवत आहे, पण पुठ्ठ्याची!" अशा बाईचेच डोळे जायचे होते. देवाला दुसरं कोणी दिसलं नाही का, असं त्याच्या मनात सारखं येत होतं, आणि मग देवावर चिडून तरी काय उपयोग, असंही.

म्हणून घरानं ठरवलं, हा उन्हाळा तिचा. तिनं पोटभर वाचून घ्यायचं. वाचनालयात जाऊन त्यानं सांगून ठेवलं होतं, ती मागेल ते पुस्तक काढून ठेवा, परत द्यायची घाई लावू नका. घरातही गडबड नको. मुलीला, ठकीला, सुट्टीभर मावशीकडे धाडायचं. आप्पांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, आपण होऊन थोरल्याकडे जायचं कबूल केलं होतं. उभा जन्म बोटीवर काढलेला माणूस, त्यांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. नवरा स्वतः दोन्ही वेळचा डबा घेऊन आपल्या गॅरेजवर थांबणार होता.

"तू आणि तुझी पुस्तकं," तो सकाळी म्हणाला होता. "चिटपाखरू फिरकणार नाही बघ."

मनापासून म्हणाला होता बिचारा.  त्यावर ती एवढंच म्हणाली होती, की कागद-पेन घ्या, मी विषय सांगते.

"पुढे?" त्यानं विचारलं.

"भुताखेतांच्या गोष्टी. चांगली दातखीळ बसली पाहिजे अशा."

"भुतं? भुताचं पुस्तक हातात घेतलं की तुला हसू येतं. ते आपल्या ठकीचं वेड."

"लिहा. मग समुद्रावरचं एक. वादळं, बंदरं, खलाशी, सगळं हवं. आणि एक विनोदी. पाचकळ असलं तरी चालेल."

पाचकळ! एक विनोद फसला म्हणून सबंध पुस्तक मिटून ठेवणारी ही बाई. त्यानं पेन खाली ठेवलं.

"आणि तुझे तारे? तुझा इतिहास? ते जाडजूड तीन खंड, सवडीनं वाचीन म्हणून इतकी वर्षं जपून ठेवलेस ते?"

"ते नकोत."

आता मात्र त्याचा तोल गेला. काल दवाखान्यापासून मनात साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? शेवटचं वाचायला मिळणार आहे तुला, शेवटचं! आणि तू इंजिनं आणि भुतं वाचणार?"

शब्द तोंडातून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. हा शब्द घरात उच्चारायचा नाही, असं त्यानंच सगळ्यांना बजावलं होतं. बाहेरच्या खोलीत आप्पा वळकटी बांधत होते, त्यांचे हात थांबले. ठकी बॅग खांद्याला लावून दारात येऊन उभी राहिली. मावशी तिला न्यायला यायची होती. पोरीचा चेहरा रडवेला झाला होता आणि तो लपवायचं तिला सुचत नव्हतं.

बायको मात्र रागावली नाही. तिनं डोळे पुसले, थेंबांमुळे ते भरून आले होते, निदान ती तसं म्हणाली. मग मुलीला हाक मारली. "ठकी, ती बॅग ठेव आधी खाली. आणि आप्पांना सांग, वळकटी सोडा. कोणीही कुठं जायचं नाही."

"अगं, पण तुला शांतपणे वाचता..." नवरा म्हणाला.

"मी कुठं वाचणार आहे? इंजिनाचं तुम्ही वाचायचं, मोठ्यानं. भुतांचं ठकीनं, समुद्राचं आप्पांनी. विनोदी सगळ्यांनी मिळून."

"आणि तू काय करणार?"

"पुस्तकं मला पुढंही ऐकता येतील हो," ती म्हणाली. "हा सगळा उन्हाळा मला तुमचे चेहरे बघायचेत."