दुपारचं पुस्तक

सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी घातली. म्हणून सकाळी मी त्यांना वाचून दाखवायचे आणि दुपारी माझी धाकटी जाऊ. मी लायब्ररीतून चांगली गाजलेली कादंबरी निवडून आणली होती. शब्दन् शब्द स्पष्ट वाचत होते.

"सध्या काय वाचताय?" असा कुणा मैत्रिणीचा फोन आला की सासूबाई सांगायच्या, "सकाळचं पुस्तक ठीक आहे गं, जरा अळणी. दुपारचं मात्र झकास. माणसं कशी आपल्या घरातलीच वाटतात. हसून हसून पोट दुखतं."

माझा नुसता तिळपापड व्हायचा. जिने आजवर पेपरची पुरवणीसुद्धा धड वाचली नाही, तिचं पुस्तक झकास आणि माझं अळणी. एकदा पडतं घेऊन मी तिला पुस्तकाचं नाव विचारलं, तर म्हणाली, "ताई, संपू दे की. मग तुम्हालाच देते."

काल दुपारी मात्र राहवलं नाही. दबक्या पावलांनी गेले आणि दाराच्या फटीतून आत पाहिलं. सासूबाई काळा चष्मा लावून, उशीला टेकून, कान देऊन ऐकत होत्या. धाकटीच्या हातात आमच्या वॉशिंग मशीनबरोबर आलेलं माहितीपत्रक होतं.



तिने शांतपणे पान उलटलं आणि पुढे वाचलं, "शेवटी न राहवून थोरली जाऊ दाराआड येऊन उभी राहिली."