गुरुवारची मंडळी

लकव्यानं वाचा गेली तेव्हापासून बडनेऱ्याचे शांतवन तायडे खाटेला खिळले होते. मुलगा-सून कामावर गेले की दिवसभर घरात ते आणि भिंती. दर गुरुवारी संध्याकाळी मात्र चर्चची मंडळी यायची, हात हातात घेऊन त्यांच्या वाचेसाठी प्रार्थना करायची, मग चहा पीत तासभर गप्पा मारायची.

मंगळवारी मांजर दुधाकडे वळलं आणि शांतवनबाबांच्या तोंडून लख्ख निघालं, "हट!" म्हातारा हरखला. गुरुवारी एकेकाला नावानं हाक मारायची, असं त्यांनी ठरवलं.

गुरुवारी मंडळी आली. बाबा तोंड उघडणार, तोच सुलोचनाबाई चर्चच्या पाळकसाहेबांना म्हणाल्या, "बाबा बोलाले लागले का मंग आपला गुरुवार जुन्या वस्तीतल्या आजीले देऊ. थे बी एकटीच हाये."

"बाबा, काही फरक वाटून राहिला का?" पाळकसाहेबांनी वाकून विचारलं.

बाबांनी ओठ घट्ट मिटून मानेनंच नाही म्हटलं.

"मग आज अजून जोरानं मागू," म्हणत सगळ्यांनी डोळे मिटले. बाबांनीही मिटले आणि मनातल्या मनात विनवलं,


"प्रभू, तू आयकलं हे कोणाले सांगू नको."