गिळायची परीक्षा

"अहो आजोबा, थुंकायचं नव्हतं! गिळायचं होतं!"

एक्स-रेच्या खोलीतल्या मुलीने डोक्याला हात लावला. अन्ननळी एक्स-रेत दिसावी म्हणून दिलेला तो पांढरा, खडूसारखा घोट म्हाताऱ्याने सुर्र करून ओढला, तोंडात इकडून तिकडे फिरवला आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये पिचकारी मारली. अगदी नेम धरून. वर मतही दिलं, "बेचव आहे. फार दिवस पडून राहिलाय माल."

दाराशी उभी असलेली त्याची बायको खजील झाली. "रागावू नकोस गं बाई," ती म्हणाली. "छत्तीस वर्षं चहाच्या कंपनीत चाखायच्या कामावर होते. जित्याची खोड..." म्हणीचा उरलेला अर्धा भाग तिने आवरला. दवाखान्यात तो कोण बोलणार?

काय दिवस होते ते! लांबलचक टेबल, मोठ्या खिडकीतून येणारा उजेड, ओळीने मांडलेले दीडशे पांढरेशुभ्र कप. चमचा बुडवायचा, सुर्रकन ओढायचं, दोन सेकंद तोंडात धरायचं, पिंपात थुंकायचं, की पुढचा कप. गिळायचं नाही. दीडशे कप गिळले तर माणूस घरी जाईल कसा? कुणी चुकून गिळलाच तर बाकीचे "या पाहुणे, बसा!" म्हणत टेबल बडवायचे. म्हाताऱ्याला तिथे सगळे जीभसाहेब म्हणत. जीभसाहेबांनी नाक मुरडलं की अख्खा माल परत जाई. आता त्या टेबलाभोवतीचे निम्मे लोक उरले नव्हते. ते आठवलं की त्याला फार एकटं वाटायचं.

दुसरा घोट त्याने कसाबसा गिळला. मग डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. पांढरा रस छातीच्या मधोमध तुंबला होता. वर नळी फुगलेली, खाली टोक एकदम निमुळतं.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. "दुर्बिणीच्या तपासणीत कॅन्सर नाही हे कळलंच आहे. अन्ननळीच्या तळाशी झडप असते, ती नीट उघडत नाहीये. गोळ्यांचा फारसा उपयोग नाही. तिथे इंजेक्शन देता येतं, ते सोपं आहे, पण काही महिन्यांत गुण ओसरतो. फुगा घालून झडप ताणता येते. त्यात पुन्हा ताणायची वेळ येऊ शकते, क्वचित नळीला इजाही होते. नाहीतर पूर्ण भूल देऊन तिथला स्नायू कापायचा. ते बरीच वर्षं टिकतं. तुमचं हृदय ठणठणीत आहे, तिन्हींतलं काहीही झेपेल. तुम्ही ठरवा."

"इंजेक्शन," तो लगेच म्हणाला. "सत्तरी उलटली. आता कापाकापी कशाला? कुणासाठी?"

"त्रास कधीपासून आहे?"

"झालं असेल वर्ष."

"एका वर्षात नळी सहसा इतकी फुगत नाही, आजोबा. खरं सांगा."

"नऊ वर्षं," तो खाली बघत पुटपुटला.

बायको चमकली. नऊ वर्षांपूर्वीच तर तो निवृत्त झाला होता. त्याआधी तो भल्या पहाटे जायचा, चहाचं नावही घरात काढायचा नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी तिने हौसेने चहा केला, बाल्कनीत दोन खुर्च्या मांडल्या. त्याने एक घोट घेतला. उठून बेसिनपाशी गेला, पाठमोरा कितीतरी वेळ उभा राहिला आणि थुंकला. "सवय गं," म्हणाला. तेव्हापासून तिने पत्ती बदलली, दुकान बदललं, भांडं बदललं. दूध कमी केलं, मग बंदच केलं. पण रोज तो उठायचा, रोज पाठमोरा उभा राहायचा आणि रोज ती नापास व्हायची.

"म्हणजे ती सवय नव्हती?" तिने विचारलं.

"जेवण पाण्याबरोबर कसंबसं ढकलायचो, पण सकाळचा घोट खाली उतरायचाच नाही. छातीत अडायचा, परत वर यायचा, म्हणून मग चहा गिळणंच सोडलं. आमच्या टेबलावरचा एक जण गळ्याच्याच दुखण्याने गेला होता ना. मला वाटलं, माझंही तेच. तुला कशाला घोर लावायचा?"

"वा! घोट गिळता येत नव्हता, पण मूग बरे गिळता आले!" ती कडाडली आणि तिचे डोळे भरून आले. "नऊ वर्षं मला वाटतंय, जीभसाहेबांना माझा चहा पसंत नाही. पाठ करून उभे राहायचात. मला वाटायचं, खोट शोधताय."

नुसत्या वासावरून पत्ती कितव्या तोडणीची ते सांगणारा हा माणूस, पण घरातलं हे दुःख त्याला नऊ वर्षांत कळलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, "इंजेक्शन राहू द्या. ऑपरेशन करा."

"अहो, एकदम ऑपरेशन कशाला?" बायको घाबरून त्याच्याजवळ सरकली. "या वयात भूल म्हणजे काय पोरखेळ आहे? थुंकलात तरी चालेल मला. आता कळलंय ना, आता नाही वाईट वाटणार."

त्याने तिचा हात धरला. डॉक्टरीणबाई समोर आहेत याचं त्याला भान नव्हतं.

"कंपनीत उत्तमातला उत्तम चहासुद्धा दोन सेकंदांत थुंकायचो," तो म्हणाला. "तुझा मात्र पार चव सरेपर्यंत तोंडात धरून उभा राहायचो. थुंकवतच नव्हता गं."